जोरदार वाऱ्यातील विंग फॉइलिंग : साधनांची जुळणी आणि सराव

विंग फॉइलिंग म्हणजे हवा भरलेले शीड, म्हणजेच विंग, हातात धरून वाऱ्याच्या जोरावर बोर्डावरून जाण्याचा खेळ. बोर्डाखाली फॉइल असते : मास्ट नावाचा उभा दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याखालचे पुढचा व मागचा असे पंख. वेग आला की हे पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतात. अमेरिकेतील ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदीने कॅस्केड पर्वतरांग कापून जी घळ तयार केली आहे, तिच्या काठावरचे हूड रिव्हर हे गाव वाऱ्यावरच्या जलक्रीडांसाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात पूर्वेकडचा कोरडा प्रदेश तापतो आणि पॅसिफिकवरची थंड हवा या अरुंद वाटेने आत ओढली जाते. नदी वाहते पश्चिमेकडे आणि वारा येतो पश्चिमेकडून. त्यामुळे प्रवाहाविरुद्ध लाटा उभ्या राहतात. इथे २५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरचा वारा नवलाचा नाही. संथ जलाशयावर १५ नॉटमध्ये विंग फॉइलिंग शिकलेल्याने अशा पाण्यात उतरण्यापूर्वी काय करावे, हे येथे सांगत आहे.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचे २५ नॉट झाले की त्याच विंगवर येणारी ओढ जवळपास पावणेतीन पट होते. साधारण ७५ किलो वजनाचा माणूस १५ नॉटला ५ चौरस मीटरची विंग वापरत असेल, तर त्याने २५ नॉटला साडेतीन ते चार आणि ३० नॉटच्या पुढे तीन किंवा त्याहून लहान विंग घ्यावी. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. मात्र विंग लहान करून फॉइल तेच ठेवण्याची चूक मला वारंवार दिसते, आणि माझ्या मते जोरदार वाऱ्यातील निम्म्याहून अधिक पडझड तिच्यामुळेच होते. पाण्याखालचा पंखही वेगाच्या वर्गानेच उचल देतो. बोर्डाचा वेग १२ नॉटवरून १६ नॉटवर गेल्यास उचल पावणेदोन पट होते आणि शिकताना सोयीचा वाटलेला १,६०० चौरस सेंटिमीटरचा पुढचा पंख बोर्डाला पाण्याबाहेर फेकू लागतो. सराव झालेल्याने अशा दिवशी हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपासचा पंख लावावा.

दुसरा पंख जवळ नसेल, तर मास्टची जागा बदलावी. बोर्डाच्या तळाशी असलेल्या खाचांमध्ये मास्ट मागे सरकवला की नाक वर उचलण्याची ओढ कमी होते, पुढे सरकवला की वाढते. बोर्ड खाली दाबून ठेवताना पुढच्या पायाची मांडी भरून येत असेल, तर मास्ट एक सेंटिमीटर मागे घ्यावा, चार-पाच फेऱ्या माराव्यात आणि मगच पुढचा बदल करावा. मूळ जागेवर पक्क्या शाईने खूण करून ठेवावी. एकाच वेळी मास्ट, मागचा लहान पंख आणि विंग असे सारेच बदलले, तर कशाचा काय परिणाम झाला हे कळत नाही. विंगच्या पुढच्या नळीत उत्पादकाने छापलेल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा भरावी. हवा कमी असेल तर झोतात नळी वाकते, कापड फडफडते आणि विंगची ओढ हाताला अनपेक्षित धक्के देते. फुगवलेली विंग उन्हात ठेवू नये, आतला दाब वाढतो. काठावर ती सुटी न टाकता दोरीने बांधावी.

पाण्यात गुडघ्यांवर बसूनच विंग वाऱ्यावर धरावी आणि तिची ओढ स्थिर झाल्यावर उठावे. झोत आला की ओढाताण न करता मागचा हात सैल सोडावा. विंग उघडते आणि वारा तिच्यावरून निसटतो. दोन्ही हात आवळून धरणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, ती सरावानेच मोडते. झोताबरोबर वेग आणि उचल दोन्ही वाढत असल्याने त्याच क्षणी वजन पुढच्या पायावर न्यावे. मास्टचा अर्धा भाग पाण्यात राहील इतक्याच उंचीवर चालावे. लाट खालून आली की फॉइल आपोआप वर ढकलले जाते आणि पंखाचे टोक पाण्याबाहेर आले की उचल एकाएकी नाहीशी होऊ शकते, म्हणून ही उंची राखणे महत्त्वाचे आहे.

वाऱ्याकडे पाठ करून वळण घेताना नवशिके भीतीने वेग कमी करतात, आणि इथेच फसतात. वाऱ्याच्या दिशेने जाताना विंगला जाणवणारा वारा म्हणजे खरा वारा वजा आपला वेग. २५ नॉटच्या वाऱ्यात आपण १५ नॉटने जात असू, तर विंगवर जेमतेम १० नॉटचा वारा उरतो आणि ती हातात हलकी होते. वेग सोडला की सगळा जोर एकदम परत येतो. म्हणून लाटेच्या उतारावर वेग घेऊन, नजर वळणाच्या पलीकडे ठेवून वळावे.

सुरुवातीला वीस मिनिटांच्या छोट्या खेपा कराव्यात, कारण दमलेले हातच विंग उघडायला विसरतात. हेल्मेट आणि तरंगायला मदत करणारे जॅकेट घालावे, फॉइलच्या कडा धारदार असल्याने पडताना बोर्डापासून दूर, आडवे पडावे. घळीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या मालवाहू नौका, जातात. त्यांना चटकन थांबता किंवा वळता येत नाही, त्यामुळे त्यांच्या पुढून ओलांडू नये. विंगची लिश, म्हणजे विंग शरीराला बांधून ठेवणारी दोरी, तुटली तर तिच्यामागे पोहू नये. बोर्ड सोडू नये. वारा अचानक पडला तर प्रवाह पश्चिमेकडे नेतो. अशा वेळी निघालेल्या जागी परतण्याचा हट्ट न धरता बोर्डावर पालथे झोपावे, विंग उलटी करून पायांवर घ्यावी आणि प्रवाहाला आडवे वल्हवत जवळच्या काठाला लागावे.