क्लिक भरपूर, ऑर्डर शून्य? गूगल अ‍ॅड्सच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

गणपती जवळ आले की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे घरगुती मोदकवाले गूगलवर जाहिरात टाकतात, आणि चारच दिवसांत कुरकुर सुरू होते: पैसे उडाले, फोन काही आला नाही. दोष मोदकांचा नसतो. कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, बनवताना गूगलने आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटी कोणी उघडून बघत नाही.

सगळ्यात महागडी चूक लोकेशनची. वडोदरा निवडलं म्हणजे जाहिरात वडोदऱ्यातच दिसेल असं नाही. खाली 'लोकेशन ऑप्शन्स' उघडा. तिथे मुळात 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' निवडलेलं असतं. म्हणजे इथे असलेले लोक, आणि शिवाय बाहेर बसून वडोदऱ्यात रस दाखवणारेही. आता बडोद्याचं कोणी ना कोणी अमेरिका-कॅनडात असतंच. तिकडून एखादा आईबाबांसाठी मोदक मागवेलही, पण त्याच्या भरवशावर तुटपुंजं बजेट उधळू नये. नुसतं 'प्रेझेन्स' ठेवा. डिलिव्हरी ठरावीक अंतरापर्यंतच देत असाल, तर अख्खं शहर न घेता दुकानाभोवती तेवढ्याच किलोमीटरचं वर्तुळ घ्या.

सर्च कॅम्पेनमध्ये 'डिस्प्ले नेटवर्क'ची टिक असेल तर काढा. मोदक शोधणाऱ्यालाच जाहिरात दिसू दे, वेबसाइटवर बातम्या वाचणाऱ्याला नको.

मग कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द. नुसतं उकडीचे मोदक असं टाकलं की तो ब्रॉड मॅच धरला जातो, आणि रेसिपी शोधणारी, साचा शोधणारी मंडळीही तुमच्या खिशातून क्लिक करतात. अवतरण चिन्हांत टाकलं तर फ्रेज मॅच, म्हणजे त्या अर्थाचा समावेश असलेले शोध; चौकोनी कंसात टाकलं तर एक्झॅक्ट, म्हणजे नेमका तोच अर्थ असलेले. सुरुवात या दोघांपासून करा. दोन-तीन दिवसांनी 'सर्च टर्म्स' रिपोर्ट उघडून लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते वाचा. या कामात याहून उपयोगी पान मला तरी माहीत नाही. नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. मात्र निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप धरत नाही. आपल्याकडे एकच माणूस मराठी, गुजराती आणि रोमन लिपीत आलटून पालटून शोधतो, तेव्हा 'रेसिपी' तिन्ही लिप्यांत घाला.

रोजचं बजेट ३०० ठेवलं आणि एका दिवशी ६०० गेले, तर घाबरून कॅम्पेन बंद करू नका. गूगल एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च करू शकतं; महिन्याचा हिशेब रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीत, म्हणजे इथे ९,१२० रुपयांत बसवतं. 'मॅक्सिमाइझ क्लिक्स' (बजेटात जास्तीत जास्त क्लिक मिळवायची पद्धत) लावलंत तर एका क्लिकची कमाल मर्यादाही घाला.

फोनवर ऑर्डर घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. जाहिरातीवरून आलेला कॉल मुळात ६० सेकंद चालला तरच कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीचं फळ, म्हणून मोजला जातो. "काकू, एकवीस मोदक, चतुर्थीला सकाळी" एवढं बोलायला अर्धा मिनिट पुरतो. मर्यादा कमी करा, नाहीतर पक्की ऑर्डरही हिशेबात येणार नाही. आणि फोन उचलायला कोणी नसेल त्या वेळी 'अ‍ॅड शेड्यूल'मधून जाहिरात थांबवा.

जाहिरात दिसते का म्हणून स्वतःच दिवसभर गूगल करत बसू नका. क्लिक न करता पुन्हा पुन्हा पाहिलीत तर क्लिकचं प्रमाण घसरतं, आणि गूगल तुम्हाला ती दाखवायचंच बंद करू शकतं. खात्यातच 'अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' आहे, तिथे ठिकाण आणि भाषा निवडून बघा. दिसत नसेल तर कारणही तिथेच मिळतं.