उरलेल्या ब्रिस्केटचं दुसऱ्या दिवशी काय करावं

सहा किलोचं आख्खं ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातला छातीचा तुकडा, चरबी छाटून स्मोकरवर (लाकडाच्या धुरावर मंद शिजवायच्या भट्टीवर) चढवलं, की बारा-चौदा तासांनी उतरताना ते साडेतीन किलोच्या आसपास भरतं. चार माणसांच्या घरात तेवढंही एका बैठकीत संपत नाही. आम्ही टेक्सासात राहतो. शनिवारी स्मोकर पेटला की सोमवारी फ्रिजमध्ये फॉइलचं गाठोडं असतंच. बऱ्याच घरांत मग ते मायक्रोवेव्हमध्ये वातड होईपर्यंत गरम होतं आणि त्यावर गोड सॉस ओतला जातो. रात्रभर जागून दिलेल्या धुराचं मला वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. हे मांस ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन आलेलं आहे. त्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन झालंय, शिजायचं काही उरलेलं नाही. त्यामुळे कुठल्याही पदार्थात बाकी सगळं तयार करून घ्यायचं आणि ब्रिस्केट शेवटी घालायचं.

पहिल्या रात्री: कापू नका

जेवणं झाल्यावर उरलेला तुकडा आख्खाच ठेवा. मी पहिल्यांदा सोयीचं म्हणून सगळ्याचे काप करून डब्यात भरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांतला निम्मा रस डब्याच्या तळाशी होता आणि काप पुठ्ठ्यासारखे झाले होते.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचे दोन स्नायू, एकावर एक. खालचा सपाट आणि कोरडा तो फ्लॅट, वरचा जाड आणि चरबीदार तो पॉइंट. मधल्या चरबीच्या थरातून सुरी फिरवली की ते सुटे होतात. इथेच वेगळे करून ठेवा, कारण पुढे दोघांची कामं वेगळी आहेत. शिजताना मांस ज्या जाड कागदात गुंडाळतात त्या बुचर पेपरमध्ये साठलेला रस बाटलीत भरा, तो टाकणं म्हणजे निम्मी चव टाकणं.

आगीवरून किंवा मांस गरम ठेवायच्या पेटीतून बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत मांस फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. फार मोठा तुकडा असेल तर दोन-तीन भाग करा, म्हणजे आतपर्यंत लवकर थंड होईल. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, हवा काढलेल्या पिशवीत फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने.

गरम करताना

लागेल तेवढाच तुकडा घ्या. ओव्हन १२० अंशांवर, ट्रेमध्ये तीन-चार चमचे तो साठवलेला रस, वरून फॉइल घट्ट. मध्यभागी ७४ अंश झाले की काढा. किलोभराच्या तुकड्याला तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मग मांसाच्या धाग्यांना आडवं कापा. कडेला गुलाबी पट्टा दिसला तर घाबरू नका, मांस कच्चं नाही. लाकूड जळताना निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडला गेला की तो रंग कायमचा बसतो, कितीही गरम केलं तरी जात नाही.

पॉइंटचे टाको

सकाळी सगळ्यात पटकन होणारा प्रकार. पॉइंटचे बोराएवढे तुकडे लोखंडी तव्यावर तेल न घालता टाका. दोन मिनिटांत त्यांचीच चरबी सुटते. तुकडे काढून त्याच चरबीत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी लाल करा, मग अंडी फोडून ढवळा. अंडी ओलसर असतानाच मांस परत घाला. गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, भरा, वर हिरवा साल्सा (मेक्सिकन चटणी). ऑस्टिनमध्ये हीच न्याहारी.

फ्लॅटची चिली

कोरड्या फ्लॅटचं सोनं होतं ते इथे. चिली, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या रश्श्यातलं मांस, हा १९७७ पासून टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका संध्याकाळी चुली मांडून ती विकायच्या. इथल्या चिलीत राजमा घालत नाहीत आणि माझंही मत तेच आहे, कारण या रश्श्याची सगळी गंमत मिरचीत आहे.

अर्धा किलो फ्लॅटसाठी पाच-सहा सुक्या आंचो (मेक्सिकन, कमी तिखट) मिरच्या बिया काढून तव्यावर शेका. करपू देऊ नका, रस्सा कडू होतो. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून गुळगुळीत वाटा. जाड बुडाच्या भांड्यात ब्रिस्केटच्याच चरबीवर एक मोठा कांदा तांबूस परता, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन चमचे भाजून कुटलेलं जिरं, थोडा ओरेगानो घाला. मग मिरचीचं वाटण घालून चांगलं परता. आपण मटणाचं वाटण परततो तसंच, कडेनं चरबी सुटेपर्यंत. साडेतीन कप पाणी किंवा स्टॉक, आणि साठवलेला रस. मंद आचेवर चाळीस मिनिटं उकळू द्या. आता फ्लॅटचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे घाला आणि आणखी वीसच मिनिटं ठेवा. जास्त ठेवलंत तर मांसाचे धागे सुटून लगदा होतो. मीठ अगदी शेवटी, चाखून. बाहेरच्या काळ्या पापुद्र्यात मीठ आणि मिरपूड आधीच भरपूर असते.

रस्सा पातळ वाटला तर चमचाभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावा.

भात

ज्या घरात शिळ्या भाताला फोडणी पडते, तिथे हा पदार्थ शिकवावा लागत नाही. तीन वाट्या मोकळा शिळा भात, वाटीभर बारीक चिरलेलं ब्रिस्केट, दोन अंडी, पातीचा कांदा. मोठ्या आचेवर अंडी, मग भात, शेवटी मांस आणि चमचाभर फिश सॉस. ह्यूस्टनमध्ये १९७५ नंतर व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येनं आली आणि आता तिथे ब्रिस्केट आणि भात एका ताटात येणं नवलाचं नाही. त्यांच्या फोमध्ये, म्हणजे नूडल्सच्या सूपमध्ये, तर उकडलेलं ब्रिस्केट आधीपासूनच असतं. चांगला रस्सा हाताशी असेल तर वाडग्यात नूडल्सवर फ्लॅटचे पातळ काप ठेवून वरून तो उकळता ओता.

कडा आणि टोकं

काळ्या, कडक कडा कुणी खात नाही म्हणून फेकू नका. लॉकहार्ट, टेलर या गावांतल्या जर्मन आणि चेक खाटकांनी न खपलेलं मांस धुरावर धरायला सुरुवात केली, तिथूनच मध्य टेक्सासचं बार्बेक्यू आलं. उरलेलं वापरणं हा या पदार्थाचा मूळ स्वभावच आहे. या कडा बारीक चिरून, रसात आणि थोड्या व्हिनेगरच्या सॉसमध्ये भिजवून, मऊ पावात कच्चा कांदा आणि लोणच्याच्या काकडीबरोबर द्या. किंवा रात्रभर भिजवलेल्या पिंटो बीन्स शिजत घालतानाच त्यांत टाका. एवढ्या एकाच ठिकाणी ब्रिस्केट सुरुवातीला जातं, कारण इथे ते खायला कमी आणि पाण्याला धुराची चव द्यायला जास्त असतं.

थंड झाल्यावर रसावर जमलेली पांढरी चरबी काढून मंद आचेवर वितळवा, पाण्याचा तडतडाट थांबला की गाळून बरणीत भरा. महिनाभर फ्रिजमध्ये टिकते. बटाटे भाजायला मी दुसरं काही वापरत नाही.