दुर्गम उंच शिखरावर गाईडेड मोहीम ठरवताय? आधी परतीचं ठरवा

शिखर पक्कं झालं की बहुतेक जण लगेच बूट आणि डाऊन जॅकेट शोधायला लागतात, आणि कंपनीला पहिला प्रश्न काय तर समिटचे चान्सेस किती. माझं स्पष्ट मत आहे की लांबच्या डोंगरावर प्लॅनिंग उलट्या टोकाने सुरू करायचं. कॅम्प टूवर रात्री दोन वाजता एखाद्याला श्वास लागला तर तो खाली कसा येणार, कोण आणणार, किती वेळात, आणि खाली म्हणजे नेमकं कुठे? ह्याचं उत्तर मिळालं की बाकीच्या गोष्टी त्याभोवती जुळत जातात.

नुसत्या उंचीवरून डोंगर किती अवघड ते कळत नाही. अंटार्क्टिकातलं विन्सन फक्त 4892 मीटर आहे, पण तिथून बाहेर पडायचं तर विमानच लागतं आणि हवा बिघडली की ते काही दिवस येतच नाही. पाकिस्तानातल्या के2 च्या बेस कॅम्पला पोचायला अस्कोले ह्या शेवटच्या गावापासून बाल्टोरो ग्लेशियरवरून साधारण आठवडाभर पायपीट आहे. हेलिकॉप्टर येईल असं धरून चालू नका, हवा विरळ झाली की त्याची वजन उचलायची ताकद कमी होते आणि वारा-ढग असले की ते उडतच नाही. म्हणजे आजारी माणसाला पहिले काही तास टीमच सांभाळणार, हे धरूनच माणसं आणि सामान ठरवा.

आता कंपनी. वेबसाईटवरचे फोटो सोडा, फोन लावा आणि थेट विचारा. तुमच्याबरोबर प्रत्यक्ष जो गाईड येणार तो ह्या डोंगरावर आधी गेलाय का? आयएफएमजीएचं, म्हणजे माउंटन गाईडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, कार्ड असेल तर उत्तमच, कारण त्यासाठी खडक, बर्फ, स्की, रेस्क्यू अशा सगळ्याची परीक्षा द्यावी लागते, पण त्या डोंगराची माहिती हा वेगळा मुद्दा आहे आणि तितकाच महत्त्वाचा. मग विचारा की समिटच्या दिवशी एका गाईडमागे किती क्लायंट, आणि एकाला खाली आणावं लागलं तर उरलेल्यांबरोबर कोण राहणार. इथे समोरचा अडखळला किंवा "तशी वेळ येत नाही" म्हणाला तर दुसरी कंपनी बघा, ॲडव्हान्स अजिबात देऊ नका. पोर्टर आणि कुक ह्यांचा इन्शुरन्स, बूट, तंबू कसे आहेत तेही विचारा, जो त्यांच्यावर पैसे वाचवतो तो तुमच्यावरही वाचवणारच.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते कॅलेंडरला. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, त्याला शॉर्टकट नाही, फिटनेस कितीही असला तरी नाही. नियम साधा आहे, 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. कागदावर मांडून बघा ना, 3000 वरून 4500 च्या बेस कॅम्पला जायचं तर तीन दिवस चालण्याचे आणि एक थांबण्याचा, आणि कंपनीच्या आयटिनररीत तेच दोन दिवसांत उरकलेलं असेल तर ती आयटिनररी विकण्यासाठी बनवलीय. बेस कॅम्पच्या वर रोटेशन करायचं, म्हणजे सामान घेऊन वर जायचं, ठेवायचं, झोपायला खाली यायचं. शिवाय खराब हवामानासाठी राखीव दिवस हवेतच, सात हजार मीटरच्या शिखराला मी आठवड्यापेक्षा कमी धरणार नाही. आणि हो, अलास्कातलं डेनाली 6190 मीटरच आहे पण उत्तर ध्रुवाच्या बाजूला असल्याने तिथे हवेचा दाब अजून कमी असतो, त्यामुळे शरीराला ते जास्त उंच वाटतं. तिथलं परमिट पण 60 दिवस आधी नोंदवावं लागतं.

आजाराची लक्षणं टीममधल्या प्रत्येकाला पाठ हवीत, फक्त गाईडला नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागत असेल आणि खोकला असेल तर फुप्फुसात पाणी होतंय. माणूस विचित्र बोलतोय किंवा तोल जातोय तर मेंदूला सूज येतेय. संध्याकाळी तंबूबाहेर सगळ्यांना टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे, जो झोकांड्या खातो तो सकाळची वाट न बघता खाली. गोळ्या, ऑक्सिजन, माणसाला आत ठेवून हवा भरायची प्रेशर बॅग हे सगळं सोबत हवं, पण ते खाली उतरण्यासाठी वेळ मिळावा म्हणून, उतरण्याऐवजी नाही. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीची सवय व्हायला मदत करणारी गोळी, घ्यायची असेल तर डॉक्टरशी बोलून घ्या आणि घरी असतानाच एकदा घेऊन बघा, कोणाकोणाला ती सोसत नाही.

सामानाची यादी कंपनी देतेच, त्यात जायला नको. फक्त डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) आधी भरपूर वापरा आणि जाड मिट्न्स (बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले खिळे) बांधणं, जुमार (दोर पकडून वर सरकणारा क्लॅम्प) दोरावर चढवणं-काढणं हाताला सवय होईपर्यंत करा, कारण वर मिट्न काढून खटपट केली की बोटं जातात. इंधनाचा हिशोब मात्र स्वतः तपासा. वरच्या कॅम्पला पाण्याचा प्रत्येक थेंब बर्फ वितळवून येतो, माणशी रोज तीन-चार लिटर लागतं, त्यात तासन्‌तास जातात. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत म्हणून ते तिथे कोण आणणार हे लेखी घ्या, आणि आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रणच मागवा, नुसता ब्युटेन शून्याच्या आसपास पेटायलाच कुरकुर करतो.

परत फिरायची वेळ बेस कॅम्पलाच ठरवा. समजा दुपारी एक ठरलं तर एकला जिथे असाल तिथून वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. शेवटचा शब्द गाईडचा, हे सगळ्यांनी आधीच मान्य करायचं, कारण वर ऑक्सिजन कमी असताना कोणाचंच डोकं वाद घालण्याइतकं धड चालत नाही.

इन्शुरन्सची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा, कित्येक पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते आणि दोर वापरून केलेली चढाई वगळलेली असते. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर हवाच, पण काही देशांत, भारतातसुद्धा, परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे, ते आधी बघा. आणि घरच्यांना एक कागद देऊन ठेवा, त्यावर कंपनीचा आणि इन्शुरन्सचा नंबर, पॉलिसी नंबर, आणि स्पष्ट लिहा की एक दिवस मेसेज आला नाही तर बॅटरी किंवा हवा असेल, थांबा, दोन दिवस नाही आला तर कंपनीला फोन करा.