हॉस्पिटलच्या कम्युनिटी विभागात नवीन लागताय? कोकणातलं थोडं सांगते

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा नर्सिंग करून रत्नागिरी-सिंधुदुर्गात जॉईन होणाऱ्यांना आधी एवढंच सांगेन की शिबिराच्या आकड्यावर खूश होऊ नका. 200 जणांचं बीपी मोजलं, फोटो काढले, बॅनर गुंडाळला, झालं? ज्याचं वाढलेलं निघालं तो तीन महिन्यांनी गोळी घेतोय का, खरं काम ते, आणि ते वाडीत घाटी चढून गेल्याशिवाय कळत नाही. एका आजोबांकडे गेले तर मुलाने गणपतीत मुंबईहून आणलेल्या गोळ्या फडताळात तशाच, म्हणे "डोक्या दुखाक लागला की एक घेतंय, रोज कित्याक व्हयी?" अशा वेळी लेक्चर देऊ नका, सूनबाईंना सकाळच्या चहाबरोबर हातात गोळी द्यायला सांगा, ते चालतं.

दुसरं म्हणजे गावाचं कॅलेंडर. भातलावणीत मीटिंग ठेवलीत तर काळं कुत्रं येणार नाही, पण लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) काम नेमकं तेव्हाच. उंदराच्या मुतातले जंतू चिखलात आणि पायाला भेगा, मग काय. तो होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ठरवलेली डॉक्सीसायक्लीनची गोळी (बहुतेकदा आठवड्यातून एकदा 200 मिग्रॅ) वाटून निघून येऊ नका, न्याहारी झाल्यावर बांधावरच समोर घ्यायला लावा, रिकाम्या पोटी मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात कोणी हात पुढे करत नाही. गरोदर बाईला ती द्यायची नाही, आधी विचारा. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद (साधारण 1 जून ते 31 जुलै), तेव्हा बंदरावरची माणसं घरी सापडतात, शुगर-बीपी तेव्हाच उरका. आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार मात्र बऱ्याचदा कुठल्याच यादीत नसतात, त्यांना बागेत जाऊनच गाठावं लागतं.

आशाताईंशी जमवून घ्या, कोणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनी केलेला सर्व्हे परत करून त्यांचा वैताग वाढवू नका, त्यांची वही मागा.

विंचवाचं पण सांगते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून इकडचे कितीतरी जीव वाचवले, पण औषध असलं तरी माणूस वेळेत पोचायला हवा ना. म्हणून वाडीत गाडी कोणाकडे, रात्री फोन कोण उचलतो, रेंज कुठल्या वळणावर येते, हे लिहून ठेवा. फुरसं (विषारी साप) चावलं तरी असंच वेळेत पोचायला हवं.

आणि हो, पेट्रोलचा भत्ता जॉईन होण्याआधीच लेखी घ्या, नंतर कोणी विचारत नाही.