फुरशाच्या विषातलं एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज कसं मोजावं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवर आढळणाऱ्या फुरशाचं विष पिवळं दिसतं ते एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज या एन्झाइममुळे. त्याला चिकटलेल्या एफएडीचा (एन्झाइमला कामात मदत करणाऱ्या रेणूचा) तो रंग. एन्झाइम अमिनो आम्लाचं ऑक्सिडीकरण करतं, तेव्हा कीटो आम्ल, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. आपण मोजायचं ते पेरॉक्साइड.

विष परवानाधारक संस्थेकडूनच घ्या. सड्यावरून फुरसं धरून आणणं म्हणजे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चा भंग, आणि जिवाशी खेळ. पूड तोलताना मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. पावसाळ्यात बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका, नाहीतर दमट हवेनं पूड चिकट होते आणि वजन चुकतं. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच ८) ५ मिलिमोलर एल-ल्युसीन (हे अमिनो आम्ल), २ मिलिमोलर ओपीडी (ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन, रंग देणारं रसायन) आणि दर मिलिलिटरला सुमारे १ युनिट हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज (पेरॉक्साइड वापरून ओपीडीला रंग आणणारं एन्झाइम) मिसळा. ओपीडी विषारी आहे आणि उजेडानं आपोआप पिवळं पडतं, म्हणून मिश्रण ऐनवेळी करा व फॉइलमध्ये गुंडाळा. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात ९० मायक्रोलिटर मिश्रण आणि १० मायक्रोलिटर विषद्रावण (०.१ मिग्रॅ/मिली) घाला. ३७ अंशांवर अंधारात तासभर ठेवा, ५० मायक्रोलिटर २ मोलर सल्फ्युरिक आम्लानं क्रिया थांबवा. पिवळा रंग नारिंगी होतो. ४९२ नॅनोमीटरवर वाचा.

शेजारी तीन खळगे हवेतच: ल्युसीनविना, डी-ल्युसीनचा (ल्युसीनचं आरशातलं रूप, त्यावर हे एन्झाइम चालत नाही) आणि कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेला. तिन्हींत रंग फिका राहिला तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

रंग उगाच चढला तर पाणी तपासा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरा. रंग आलाच नाही तर बफरमध्ये सोडियम अझाइड (द्रावण टिकवायला घालतात ते) आहे का बघा, ते पेरॉक्सिडेजला अडवतं. विषद्रावण उणे २० अंशांवर गोठवलेलं असेल तर मात्र एन्झाइमच निष्क्रिय झालेलं असू शकतं. म्हणून द्रावण ताजं करा. जास्त ल्युसीन घालूनही वेग वाढत नाही, उलट घटतो.

जिवाणू किंवा पेशींवर परिणाम बघतानाही कॅटलेजचा गट ठेवा. परिणाम त्यानं नाहीसा झाला तर पेशी मारणारं पेरॉक्साइडच होतं. पण फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होतं ते मुख्यतः प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठवायला लागणारं प्रथिन) सक्रिय करून गोठवणारे घटक संपवणाऱ्या प्रथिनांमुळे. रक्तस्रावात मेटॅलोप्रोटीनेजांचा (धातूच्या मदतीनं प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचा) वाटा मोठा. तो दोष या आकड्यावरून ऑक्सिडेजच्या माथी मारू नका.