दोघांसाठी परदेशी सिनेमाची रात्र: घरच्या घरी कशी जमवायची

हळदीचे सौदे आटोपून हे घरी येतात तेव्हा शर्टाच्या कॉलरवर पिवळी पूड बसलेली असते. आंघोळ, जेवण, मुलांची झोपाझोप होईपर्यंत पावणेदहा वाजतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या घरात त्यानंतरचे दोन तास आमचे दोघांचे. महिन्यातल्या दोन शनिवारी आम्ही परदेशी सिनेमा बघतो. कसं जमवता, असं मैत्रिणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ठरवा, हळू कोण वाचतं

सुरुवात सिनेमाच्या नावापासून करू नका. मराठी सबटायटल क्वचितच मिळतात, त्यामुळे सिनेमा इराणचा असो की जपानचा, खाली बहुतेक वेळा इंग्रजीच येणार. माझं इंग्रजी वाचन भराभर होतं, ह्यांना ओळ संपवायला थोडा वेळ लागतो. पहिल्या शनिवारी मी हौसेनं एक खूप बोलका फ्रेंच सिनेमा लावला. अर्ध्या तासानं बघते तर हे पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसले की हसायचे. एका खोलीत बसून ते अर्धा तास एकटे पडले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून निवड करायची ती हळू वाचणाऱ्याला सोसेल अशी. कमी बोलणारा सिनेमा घ्या आणि लांबी दीड तासाच्या आसपास ठेवा. पहिल्या रात्रीसाठी मी डोळे झाकून माजिद मजिदींचा 1997 चा इराणी सिनेमा सुचवते, 'चिल्ड्रन ऑफ हेवन'. 89 मिनिटांचा आहे. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोड वाटून घेतात. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती धापा टाकत गल्लीत येते आणि तिथंच बुटांची अदलाबदल होते. यातलं काय वाचून कळायला हवं? शिवाय कान उघडे ठेवले तर गंमत येते. फारसीत मुलं वडिलांना 'बाबा'च म्हणतात, आणि बाजार, हजार, दोस्त हे आपले रोजचे शब्दही फारसीतूनच आलेले. "म्हणजे आमचा बाजारही तिकडचाच की!" असं म्हणून हे सावरून बसले, तेव्हा मला कळलं की आता जमलं.

त्यानंतर इटलीचा 1948 चा 'बायसिकल थीव्हज' घ्या. सायकल असेल तरच नोकरी, आणि ती सायकलच चोरीला जाते. 1952 मध्ये आपल्याकडचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात तो दाखवला होता. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मागे त्याचीच प्रेरणा होती. मग हाँगकाँगचा 'इन द मूड फॉर लव्ह', 2000 सालचा. तो नवरा-बायकोनं एकत्र बघावा असं माझं ठाम मत आहे, पण दमलेल्या दिवशी नको. जपानच्या यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' चार-पाच सिनेमे झाल्यावरच काढा. तो 136 मिनिटांचा आहे आणि त्याला सवयीचा डोळा लागतो.

जोडीदार "परक्या भाषेतलं मला काय कळणार" म्हणत असेल, तर त्यांना सांगा की प्रभातचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तिथं मराठी कुणाला येत होतं?

दुपारीच टीव्ही लावून बघा

हे काम रात्रीवर ठेवलं की अर्धा तास रिमोटमध्ये जातो. सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते दुपारीच शोधा, कारण हे सिनेमे एका ठिकाणाहून दुसरीकडे जात असतात. जुने कोरियन सिनेमे कोरियाच्या फिल्म अर्काइव्हनं यूट्यूबवर इंग्रजी सबटायटलसह फुकट ठेवलेत. पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो, त्यामुळे ॲपमध्ये सोय असेल तर डाउनलोड करून ठेवा.

मग सेटिंग. आवाज मूळ भाषेत ठेवा, हिंदी डबिंग नको. अभिनय अर्धा आवाजातच असतो. सबटायटलमध्ये सीसी लिहिलेलं असेल तर ते कर्णबधिरांसाठी असतं. त्यात दार वाजलं, पाऊस पडतोय असंही लिहून येतं आणि वाचन वाढतं, म्हणून साधं इंग्रजी निवडा. अक्षरं मोठी करा, मागे काळी पट्टी द्या. एवढ्यानंच ह्यांचा वाचायचा त्रास बराच कमी झाला. जुन्या सिनेमाच्या दोन्ही बाजूंना काळी जागा राहते, ती राहू द्या. चित्र ताणलं की माणसं बुटकी दिसतात. आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्ही त्यांच्या अधेमधे स्वतःची चित्रं घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं.

घरात मुलं असतील तर वयाची खूण आधीच बघा. 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर 13+, 16+ असं लिहिलेलं असतं.

खायला काय

ज्या देशाचा सिनेमा, त्याच देशाचा पदार्थ करायच्या फंदात पडू नका. बाई दमून जाते. खाणं असं हवं की ताटाकडे बघावं लागू नये, कारण मान खाली गेली की ओळ निसटते. आमच्याकडे भडंगाचा एक मोठा वाडगा आणि वाटीभर बेदाणे मध्ये ठेवलेले असतात. चहा मध्यंतरात.

रिमोट कुणाकडे

हळू वाचणाऱ्याच्या हातात. हा नियम मोडायचा नाही. ओळ राहिली, नातं कळलं नाही, काही आठवलं, की थांबवायचं, आणि दुसऱ्यानं कुरकूर करायची नाही. पुढं काय होणार ते मात्र सांगू नका.

'टोकियो स्टोरी' आम्ही सोफा सोडून गादीवर बसून बघितला, कारण ओझूंचा कॅमेराही जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीचा असतो. म्हातारे आई-वडील शहरातल्या मुलांकडे येतात. मुलांना वेळ नसतो, म्हणून ती त्यांना अतामी या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलात पाठवून देतात. तिथं रात्रभर गोंगाट, दोघांना झोप नाही. सकाळी ते समुद्राच्या कठड्यावर बसतात, तिथं ह्यांनी सिनेमा थांबवला.

"अगं, मागच्या मे महिन्यात आपण आई-तात्यांना महाबळेश्वरला पाठवलं होतं ना..."

पुढचं वाक्य आलं नाही. पडद्यावर ते दोघं पाठमोरे तसेच बसून होते. बऱ्याच वेळानं मी चहा ठेवला. सिनेमा संपायला त्या रात्री दीड वाजला.