ब्रिंजल शब्दाचं मूळ कसं शोधायचं

भरीताचं हिरवट-पांढरं वांगं जळगावकडं घरोघरी, म्हणून सुरुवात वांग्याच्या ब्रिंजल या इंग्रजी शब्दापासूनच करा भाऊ. चांगल्या इंग्रजी डिक्शनरीत अर्थासोबत व्युत्पत्ती, म्हणजे शब्द कुठून आला ते पण असते, ती मागे मागे वाचत जायची, म्हणजे ब्रिंजल आलं पोर्तुगीज बेरिंजेलावरून, ते अरबी बादिंजानवरून, ते फारसी बादिंगानवरून अन् त्याचं मूळ परत भारतातच, संस्कृतात, किती भारी ना! अरबीतलं 'अल' (इंग्रजी 'द'सारखं) बादिंजानच्या सुरुवातीला चिकटून राहिलं, त्यातून फ्रेंचमार्गे ब्रिटनमधलं ऑबर्जीन झालं. अमेरिकेत एगप्लँट, कारण काही जाती अंड्यासारख्या पांढऱ्या. नुसत्या आवाजावर जाऊ नका, इंग्रजी बॅड आणि बदनाममधला फारसी बद सारखे वाटतात पण नातं काहीच नाही, शंका आली की दुसरी डिक्शनरी पण उघडा.